सासूबाई बसल्या की गोल होतो

कवळ्या बनवायच्या कारखान्यात त्याला सगळे कोच म्हणत. कोचने आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. शाळेत एकदा चेंडू त्याच्या अंगावर आला होता, तेव्हा तो बाजूला झाला होता. पण गेली कैक वर्षं तो संगणकावर एक गेम खेळत होता, ज्यात आपण खेळायचं काही नसतं. संघ निवडायचा, कोण कुठे उभं राहील ते ठरवायचं, पोरांना चार शब्द सुनावायचे आणि सामना सुरू झाला की ठिपके पळताना बघत बसायचं. कोचचा संघ तिसऱ्या विभागातल्या एका बंदराच्या गावाचा होता आणि बहुतेक वेळा हरायचा.

तो का हरतो याबद्दल कारखान्यात दोन मतं होती. शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारा म्हणायचा, "तू बटण दाबलंस त्या क्षणी निकाल ठरलेला असतो. पुढचं सगळं नुसतं तुला गुंतवून ठेवायला."

कोचला हे पटत नसे. त्याने स्वतः खपून काही गोष्टी शोधून काढल्या होत्या. सामना वेगाने पुढे पळवला तर हार हमखास. मध्यंतरात ओरडलं तर गोलकीपर रुसतो. आघाडीवर असताना खुर्चीतून उठलं तर बरोबरी होते, म्हणून चहा, पाणी, सगळं आधीच उरकून घ्यायचं. आणि दर सामन्याआधी संघाची मांडणी बदलायची, म्हणजे गेमला आपला अंदाज येत नाही.

"गेमला कशाला हवाय तुझा अंदाज?" पॉलिशवाला विचारायचा.

"त्याला सगळं कळत असतं," कोच म्हणायचा आणि मेणात पुढचा दात बसवायचा.

बायकोने एकदा सामना चालू असताना खोलीचं दार उघडलं होतं आणि त्याच वेळी पेनल्टी वाया गेली होती. तेव्हापासून जेवायला बोलवायचं झालं तर ती स्वयंपाकघरातून फोन करायची.

मग सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण त्या राहायच्या मेव्हण्याकडे, आणि मेव्हणा चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. कोचचं घर तळमजल्यावर. त्यातही ऊन येणारी, कॉट आणि वॉकर मावेल अशी खोली एकच होती. तीच कोचची गेम खेळायची. संगणकाचं टेबल त्याने स्वतःच कोपऱ्यात सरकवलं, फक्त त्या वेळी त्याचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला होता.

पहिल्या रविवारी सासूबाई त्याच्या मागे, हात असलेल्या उंच खुर्चीत बसल्या होत्या. "माझ्यासाठी थांबू नका हो. तुमचं काय ते चालू द्या."

सामना अव्वल संघाशी होता. एवीतेवी हरायचंच आहे म्हणून कोचने आहे ती मांडणी ठेवून बटण दाबलं. संघ तीन गोलांनी जिंकला. कोचने वळून पाहिलं. सासूबाईंना डुलकी लागली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता.

पुढचा सामनाही जिंकला. त्याच्या पुढच्या सामन्यात फिजिओथेरपीवाली बाई सासूबाईंना पॅसेजमध्ये चालवायला घेऊन गेली आणि तेवढ्यात संघावर गोल बसला. सासूबाई परत येऊन टेकल्या आणि गोल फिटला. कोचच्या मनात शंकेला जागा उरली नाही.

त्यानंतर त्याने सासूबाईंना तळहातावर झेललं. पाठीला उशी, पायाखाली पाट, शेकायला गरम पाण्याची पिशवी. गोळ्या तोच द्यायचा, व्यायामही तोच करून घ्यायचा. सासूबाई लेकीला म्हणाल्या, "पोटच्या पोराने एवढं केलं नसतं गं." लेक नवऱ्याला ओळखून होती. तिने नुसतं "हं" केलं.

कारखान्यात कोचने हा शोध सांगितला तेव्हा पॉलिशवाल्याने मशीन बंद केलं.

"आधी तू दर वेळी मांडणी बदलायचास. हल्ली बदलतोस?"

"वेळ कुठाय? आईंचा व्यायाम असतो, शेक असतो."

"मग तेच. पोरांना पहिल्यांदाच कळलं असेल, आपण कुठे उभं राहायचं ते."

"पण तुझ्या मते तर निकाल आधीच ठरलेला असतो ना?"

"ठरलेलाच असतो. पण काहीतरी बघूनच ठरत असेल की नाही?"

कोचला हे फारच ढोबळ वाटलं. "तू त्यांना बसलेलं पाहिलं नाहीस," तो म्हणाला.

हाड जुळलं. सासूबाई काठी घेऊन जिना चढू लागल्या आणि एका संध्याकाळी मेव्हणा आला. "भाऊजी, तुम्ही फार केलंत. शनिवारी आईला घेऊन जातो."

"एवढी घाई काय आहे?" कोच म्हणाला. "चार मजले आहेत तुझे. अजून महिनाभर तरी राहू दे."

"तुझे सामने किती राहिलेत?" बायकोने विचारलं.

"कसले सामने?" सासूबाई म्हणाल्या.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कोचने पहिल्या रविवारपासून सगळं सांगितलं. मेव्हणा हसायच्या बेतात होता, पण आईचा चेहरा बघून गप्प बसला.

"म्हणजे ती उशी, तो शेक, सगळं गोलासाठी?"

"सुरुवातीला," कोच म्हणाला.

"आणि नंतर?"

कोचने विचार केला. "नंतरही. पण नुसतं गोलासाठी नाही."

सासूबाईंनी काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "शनिवारी जाते मी. माझ्या घरी मला गेलंच पाहिजे."

रविवारी खोली मोकळी मोकळी दिसत होती. मांडणीला हात लावायचंही कोचच्या मनात आलं नाही. त्याने बटण दाबलं आणि संघ दोन गोलांनी जिंकला. तो आकड्याकडे बघत राहिला. त्याला काही बरं वाटलं नाही.

फोन वाजला. सासूबाई होत्या. "काय झालं?"

"हरलो," कोच म्हणाला.

"किती?"

"दोन-शून्य."

"वाटलंच होतं मला." आवाजात समाधान लपत नव्हतं. "पुढचा कधी आहे?"

"येत्या रविवारी."

"मग पोराला सांगते मला सोडायला. जिने उतरता येतात आता मला."

बायको दारात उभी होती. तिथून पडद्यावरचा आकडा स्वच्छ दिसत होता. "जेवायला चल," एवढंच ती म्हणाली.

रविवारी सासूबाई आल्या, बसल्या, या वेळी चांगल्या जाग्या राहिल्या, आणि संघ चार गोल खाऊन हरला. कोचने भीत भीत मागे पाहिलं.

"तो डावीकडचा पळतच नाही," सासूबाई म्हणाल्या. "घरी पाठवा त्याला."

"आई, त्याचा करार आहे."

"असू दे."

कोचने त्याला विकायला काढलं. त्या वर्षी संघ कुठेतरी मधेच राहिला, वर चढला नाही की खाली घसरला नाही. सासूबाई मात्र दर रविवारी येतात, आणि बटण दाबायच्या आधी कोणाला कुठे उभं करायचं ते कोच त्यांना विचारतो.