आईच्या किमोनोचा फ्रॉक

टोकियोजवळच्या ग्योतोकुला आम्ही राहतो त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक जपानी आजी एकट्याच राहतात. सत्तरी कधीच ओलांडलेल्या. माझी मुलगी शाळेतून आली की आधी त्यांच्या दाराशी डोकावते, मग घरी येते. माझं जपानी दुकानापुरतं, त्यामुळे आमच्या गप्पा लेकीच्या तोंडून चालतात.

एका रविवारी त्या वर आल्या तेव्हा लेक टीव्हीवर जुनी अमेरिकन मालिका बघत होती, कृष्णधवल. "आई, ही मुलगी घरातसुद्धा लग्नाला निघाल्यासारखी का असते गं?" असं तिने नुकतंच विचारलं होतं. पडद्यावरच्या मुलीचा गोल कॉलरचा, फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक, पायात बूट. वडील ऑफिसातून आले, हॅट काढली आणि तिला जवळ घेऊन शाळेतलं विचारू लागले.

आजी उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "असल्या मालिका आमच्याकडे जपानी आवाजात लागायच्या. शेजारी टीव्ही होता, आम्ही सगळी पोरं तिथे जाऊन बसायचो. आमचे वडील जेवताना बोलत नसत. मला वाटायचं, तसला फ्रॉक घातला तर तेही मला विचारतील."

"मग?"

"मग आईने शिवला."

खाली जाऊन त्या तो घेऊनच आल्या. फिकट निळा, विटलेला. आईने स्वतःचा किमोनो उसवून शिवलेला. कॉलर तेवढी उशीच्या अभ्र्याची. मी फ्रॉक उलटा केला आणि बघतच राहिले. किमोनोच्या सरळ पट्ट्यांना कात्री लावायचं त्या बाईच्या जिवावर आलं असावं. बाह्यांचे फुगे, कमरेचा घेर, सगळं नुसतं दुमडून, चुण्या घालून साधलेलं. कुठेही कापड कापलेलं नाही. माझी आईसुद्धा जुन्या साड्यांचे आमचे फ्रॉक शिवायची, पण असं काही मी पाहिलं नव्हतं.

"मग वडिलांनी विचारलं?" लेकीला तेवढंच हवं होतं.

"फ्रॉकबद्दल काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी जेवताना म्हणाले, आज शाळेत काय शिकवलं?"

लेकीने तो घालून पाहिला. काखेत दाटला. ती हिरमुसून काढायला लागली, तर आजींनी थांबवलं, माझ्याकडे कात्री मागितली आणि बाजूच्या शिवणीचा दोरा हळूच ओढला. आत दुमडलेलं कापड उलगडलं. इतकी वर्षं त्याला ना ऊन लागलं होतं ना उजेड. गडद, जांभळ्याकडे झुकणारा निळा रंग, काल रंगवल्यासारखा.

आजी खाली बसल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतायत, आईचा किमोनो असा होता, हे मी विसरूनच गेले होते."

मी त्या निळ्या पट्टीवरून नुसतं बोट फिरवत राहिले.