साडूच्या गाडीची केबल

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली व्हॅनवाला म्हणायची. माणूस वाईट नव्हता हो. दुसऱ्यांची पोरं रोज सुखरूप घरी पोचवणारा माणूस वाईट कसा असेल? पण साडूचं नाव निघालं की याच्या पोटात दुखायला लागायचं. साडू विमा कंपनीत साहेब. बोलणं गोड, कपडे इस्त्रीचे, आणि आता वर ही विजेवर चालणारी पांढरी गाडी. आवाज नाही, धूर नाही. "गाडी आहे की मांजर," असं व्हॅनवाला म्हणाला, तेव्हा बायकोनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यानं तो आणखीच जळला.

गाडीचं एक वेळ सोसलं असतं. पण साडू आला होता सासूबाईंना न्यायला, तेही चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. सासरे गेले तेव्हापासून त्या व्हॅनवाल्याकडे होत्या. त्यांचे गुडघे, त्यांची औषधं, त्यांचा सारखा हरवणारा चष्मा, सगळं त्यानं पाहिलं होतं, पोटच्या पोरानं पाहावं तसं. त्याची स्वतःची आई तो लहान असतानाच गेलेली. आई म्हणून हाक मारायला त्याला जगात ही एकच बाई, आणि तिला हा विमावाला आयता येऊन घेऊन जाणार. "मी जाते तिकडे," असं सासूबाई स्वतःच म्हणाल्या होत्या, पण ते त्यानं कानाआड केलं. म्हातारी गाडीला भुलली, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी साडूनं गाडीची चार्जिंगची केबल स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली आणि मिक्सरच्या प्लगला लावली. झालं. व्हॅनवाल्याच्या अंगाचा तिळपापड.

"आमच्याच घरात पोट भरायचं आणि आमचीच आई न्यायची."

"गाडीचं पोट कसलं मोजताय," बायको म्हणाली. "चहा गार होतोय तुमचा."

सकाळी सामान डिकीत भरलं, सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि साडू केबल काढायला गेला. गाडीतून ती निघेना. त्यानं रिमोट दाबला, गाडी टिक वाजली, त्यानं हिसका दिला. केबल जागच्या जागी. पुन्हा रिमोट, पुन्हा टिक, पुन्हा हिसका. साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घाम फुटला. व्हॅनवाला पायरीवर बसून हे बघत होता. आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि तोंड मात्र मयताला आल्यासारखं.

"आमच्या व्हॅनला बुवा असलं शेपूट नाही," तो म्हणाला.

साडूनं कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीनं सांगितलं की गाडी लॉक असेपर्यंत केबल सुटत नाही, आधी गाडी उघडा. "उघडलीच आहे हो," साडू रडकुंडीला येऊन म्हणाला. मग ती म्हणाली, डिकीत एका झाकणामागे दोरी असते, ती ओढा. डिकी तर सासूबाईंच्या सामानानं गच्च भरलेली. सगळं उतरवणं आलं.

इथे मात्र व्हॅनवाला तत्परतेनं उठला. बॅग उचलली, शिलाई मशीन उचललं, पण बाहेर कुठे न ठेवता तो एकेक वस्तू थेट सासूबाईंच्या खोलीत नेऊन जागच्या जागी ठेवायला लागला.

"अहो, आत कशाला?" बायकोनं विचारलं.

"ऊन लागेल."

"उशीला?"

तो उशी ठेवून आला. गाडीकडे वळतो तो काय, साडूनं रिमोट दाबला, टिक झालं, आणि सासूबाईंनी शांतपणे हात लांब करून दारावरचं लॉकचं बटण दाबलं. साडू मागे केबलशी झोंबत होता, त्याला पत्ताच नाही. पुन्हा तेच. तो उघडतोय, या लावतायत.

व्हॅनवाल्याच्या जिवात जीव आला. म्हणजे यांना जायचंच नाहीये. तोंडानं नाही म्हणवत म्हणून बिचारी हातानं सांगतेय. तो लगबगीनं अर्ध्या उघड्या काचेशी गेला आणि हळूच म्हणाला, "आई, जायचं नसेल तर सरळ सांगा. याच्याशी मी बोलतो."

"कुणाला जायचं नाहीये?"

"मग लॉक का दाबताय?"

"तुम्हीच शिकवलंत की. गाडीत बसलं की आधी दार लॉक. पोरांना रोज ओरडता, मला पण ओरडलात. हे मेलं सारखं उघडतंय, म्हणून दाबतेय. बिघडलं असेल काहीतरी. पण तेवढ्यासाठी थांबवू नका हो, निघू द्या आम्हाला."

व्हॅनवाल्याचं तोंड उतरलं. पण विचारल्यावाचून त्याला राहवेना. "तिकडे असं काय आहे, आई? ही गाडी?"

"गाडीचं काय घेऊन बसलात." सासूबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही माझं खूप केलंत. पोटच्या लेकानं केलं नसतं एवढं. पण तुम्ही दोघं कामावर जाता, तेव्हा बाहेरून कुलूप लावून जाता."

"तुम्ही रस्त्यात पडला होतात एकदा, म्हणून..."

"काळजीनंच लावता, मला का कळत नाही? पण दुपारभर मी त्या दाराकडे बघत बसते." त्यांनी पर्सचा कप्पा उघडून दाखवला. आत एक नवीकोरी किल्ली होती. "तुमच्या साडूंनी आल्या आल्या हातात दिली. त्यांच्या घराची."

व्हॅनवाल्याचा जळफळाट गेला म्हणता? छे. आता तर जास्तच जळला. असली गाडी त्याला सात जन्मांत घेता आली नसती, ते एक ठीक. पण किल्ली तर इतकी वर्षं त्याच्याच खिशात होती, आणि द्यायचं सुचलं त्या विमावाल्याला.

"आता बटणाला हात लावू नका, आई," तो म्हणाला आणि मागे जाऊन त्यानं केबलची मूठ धरून साडूला सांगितलं, "उघडा."

टिक झालं. केबल अलगद बाहेर आली.

"काय केलंत तुम्ही?" साडूनं विचारलं.

"काही नाही. ओढली."

सामान त्यानं एकट्यानं पुन्हा भरलं. कुणाला हात लावू दिला नाही. उशी सगळ्यात शेवटी ठेवून त्यानं डिकी लावली. गाडी आवाज न करता हलली, आणि सासूबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"रविवारी या दोघं. बेल वाजवा आणि थोडं थांबा, मला उठायला वेळ लागतो. पण दार मीच उघडीन."

"येतो," व्हॅनवाला म्हणाला.