यादीत नसलेलं नाव

ती तक्रार आठवली की आजही हसू येतं, आणि स्वतःची थोडी लाजही वाटते. मी तेव्हा बेळगावातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो.

वडगाव या विणकरांच्या भागातल्या साडी दुकानाचा तरुण मालक अर्ज घेऊन आला. त्याची विक्री वेबसाइटवरूनही चाले, आणि तिथे लग्नाच्या काही साड्या निम्म्या किमतीत जात होत्या. संशय वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलीवर. ती त्यांच्याच एका विणकराची लेक. गुन्हा नोंदवला असता तर नोकरी गेली असतीच, शिवाय बापाला वडगावात मान वर करून फिरता आलं नसतं. म्हणून आधी चौकशी करायचं ठरवलं.

दुकानात पार्सल बांधणाऱ्याने हळूच खबर दिली, "साहेब, निम्म्यातल्या साड्या विणकरांच्या पोरींनाच जातात. समदं ओळखीत चाललंय." मला वाटलं, संपली केस.

महिला हवालदाराला शेजारी बसवून मुलीला विचारलं, "सवलतीचा हिशोब तू बदललास?"

"व्हय."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"ते न्हाय सांगणार साहेब. शब्द दिलाय."

मी आवाज चढवला. ती रडली, पण शब्द मोडला नाही.

शेवटी तो हिशोबच स्क्रीनवर उघडायला लावला. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण यादी वाचता येते. यादीतल्या मुलीला लग्नाची साडी निम्म्यात, तीही एकदाच. नावापुढे जन्मतारीख. एक मुलगी पाच वर्षांची, एक तर पाळण्यातली! वीस वर्षं वाट बघणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. ही यादी दुकानातल्या कुणा जुन्या माणसाची असणार. मी मालकाला त्याच्या वडिलांसकट बोलावलं.

मालकाचे वडील, आप्पा, काखेत जुनी वही घेऊनच आले. "पोरीला काय बोलू नका साहेब. आमच्या विणकराच्या घरी लेक झाली की मी नाव लिवतो. तिच्या लग्नाची साडी निम्म्यात. दुकान पोराकडं गेलं, त्यो ही रीत मोडंल म्हणून हिला ही नावं गुपचूप कम्प्युटरात घालायला लावली."

मग वही आणि स्क्रीन ताडून बघत ते थबकले. "तुझं नाव वहीत हाय की गं. हितं का न्हाय?"

"माझ्याच हातानं माझं नाव कसं घालू, आप्पा?"

मालक खाली मान घालून बसला होता. त्याने अर्ज मागे घेतला. मग तिला म्हणाला, "कुठं टाइप करायचं ते दाखव. मी घालतो."

कागदावर कुणाचं नाव आहे ते शोधण्यात माझी उभी नोकरी सरली. कुणाचं नाव नाही तेही बघावं, हे त्या पोरीने शिकवलं. त्या दिवशी चढवलेल्या आवाजाची मी तिच्या लग्नात माफी मागितली. ती हसून म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे साहेब. साडी बघा की, निम्म्यात मिळालीया."