सत्तावीस नंबरची पेन्शन

आमच्या टपाल कचेरीत मी बचतखात्याच्या खिडकीत बसते. त्यामुळे आलोचकाकांच्या बाबतीत जे झालं ते मी पहिल्या कागदापासून पाहिलं आहे. काही कागदांवर तर माझीच सही आहे. लोक हल्ली ही हकिगत तिखटमीठ लावून सांगतात. मी झाली तशी सांगते, तिला वरून मीठ लागत नाही.

आलोच हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवली की काका तिथूनच हाक द्यायचे, "आलोच!" अडतीस वर्षं त्यांनी ही हाक दिली, तेव्हा लोकांनी तेच नाव करून टाकलं. बायको घरी पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. ती आपोआप आलोचकाकू झाली.

काका कामाला वाघ, पण स्वतःच्या हक्काच्या बाबतीत अगदी गोगलगाय. साऱ्या गावाच्या मनीऑर्डरी वेळेवर पोचवल्या, पण त्यांची स्वतःची पगारवाढ अकरा वर्षं अडकून पडली होती. दर वर्षी युनियनवाले येऊन सांगत, "या वर्षी नक्की." काका ते घरी जाऊन सांगत. काकूंच्या घरात भूत, वर्तमान, भविष्य या तीन काळांखेरीज एक चौथा काळ होता, "पगारवाढ झाली की". पगारवाढ झाली की छप्पर शाकारू. पगारवाढ झाली की मशीनला मोटर बसवू. तोवर पावसाळ्यात मशीनवर छत्री उघडून काकू शिवत बसायच्या.

काकांच्या निवृत्तीला तीन महिने उरले आणि मुख्य कचेरीतून जाड लिफाफा आला. आमचे पोस्टमास्तर साहेब ताकही फुंकून पिणारे. त्यांनी लिफाफा फोडला, दोन याद्या बाहेर काढल्या, वाचल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या आणि मला हाक मारली.

पहिली यादी पगारवाढीची होती. तीत लिहिलं होतं : "क्रमांक २७, सायकल, काळी, चोवीस इंची. सेवा समाधानकारक. सुधारित वेतनश्रेणी मागील अकरा वर्षांच्या फरकासह मंजूर. तीन महिन्यांनी सेवानिवृत्त. त्यानंतर दरमहा पेन्शन."

दुसरी यादी जुन्या सामानाची. तीत होतं : "क्रमांक २७, पोस्टमन. वापर अडतीस वर्षे. दुरुस्तीचा खर्च परवडण्याजोगा नाही. मोडीत काढून लिलावाने विल्हेवाट लावावी."

भानगड समजायला वेळ लागला नाही. काका नोकरीला लागले त्याच आठवड्यात कचेरीला ती सायकल मिळाली. माणसांच्या रजिस्टरात काका सत्तावीस, सामानाच्या रजिस्टरात सायकल सत्तावीस. पुढे दोन्ही रजिस्टरं कॉम्प्युटरात चढवताना कुणीतरी जांभई दिली असणार.

काका तेव्हा टपाल वाटून नुकतेच परतले होते. साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच. तेव्हाच काका घाबरले.

"पगारवाढ झालीय," साहेब म्हणाले.

"झाली?" काका उठून उभेच राहिले.

"झालीय. पण तुमची नाही, तुमच्या सायकलची."

साहेबांनी तातडीने पत्र लिहिलं, की हे उलटसुलट झालं आहे. आठव्या दिवशी उत्तर आलं : "दोन्ही नोंदी तपासल्या. दोन्हींचे क्रमांक बरोबर आहेत. आधी अंमलबजावणी करावी. तक्रार असल्यास नंतर करावी."

साहेबांच्या स्वतःच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांनी ते पत्र फाइलला लावलं आणि म्हणाले, "वरून आलंय हो. माझा नाइलाज आहे."

मोडीत काढण्याआधी वस्तूची तपासणी करायची असते. त्यासाठी मुख्य कचेरीतून एक तपासनीस आला. बिचारा साधा माणूस, हातात छापील फॉर्म. काकांना खिडकीजवळ उजेडात उभं करून तो एकेक रकाना भरत गेला.

"घंटी वाजते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि दिली हाक, "आलोच!" बाहेर रांगेतल्या दोन बाया लगबगीने उठून उभ्या राहिल्या. तपासनीसाने लिहिलं, वाजते.

"साखळी?"

"कधी घातली नाही."

"हँडल?"

त्याने दोरी लावून काकांचे खांदे मोजले. टपालाची थैली वागवून वागवून डावा खांदा दोन बोटं खाली आला होता. त्याने लिहिलं, डावीकडे झुकलेले.

"आणि गंज? गंज तर असणारच." तो न बघताच लिहायला लागला.

काकांनी त्याचा हात धरला. "ते तेवढं लिहू नका साहेब. पावसात भिजलो, तापात चाललो, पण एक दिवस बसून काढलेला नाही. गंज चढतो तो बसलेल्याला." तपासनीसाने लिहिलेलं खोडलं. मग त्याने लिहिलं, गंज नाही, आणि खाली सही केली. काकांनी ते तीनदा वाचून घेतलं. त्या संध्याकाळी ते घरोघर सांगत सुटले, "गंज नाही म्हणून लेखी दिलंय मला."

घरी काकूंनी एकच विचारलं, "किंमत कशावर ठरणार?"

"वजनावर, असं म्हणाले."

"मग आजपासून रात्रीचं जेवण बंद. मला परवडायला हवं."

काका हसले नाहीत. त्या मात्र हसल्या आणि मग मशीनवर डोकं ठेवून रडल्या. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

शनिवारी कचेरीच्या मागच्या अंगणात लिलाव झाला. चौथ्या ढिगाऱ्यात एक पितळी वजनकाटा, टपालाच्या अकरा फाटक्या पिशव्या आणि काका होते. सुटं काही विकायचं नाही, असा नियम. काका इस्त्रीचा गणवेश घालून काट्याशेजारी स्टुलावर बसले होते. गावातला भंगारवाला नेहमीप्रमाणे आला होता. त्याची नजर होती पितळेवर.

साहेबांनी पुकारा केला. भंगारवाला आकडा बोलला. मागून काकू वरचा बोलल्या. भंगारवाला सवयीने त्याच्यावर बोलला.

"काय रे," काकू पुढे आल्या, "माझ्या नवऱ्याचं काय करणार आहेस तू?"

"काकांना मी हात लावणार नाही, काकू. मला फक्त काटा हवाय."

"मग गप्प राहा. काटा तुला नंतर मी देते."

"कितीला?"

तिथल्या तिथे त्या दोघांचा वेगळाच सौदा सुरू झाला. साहेब हातोडी उगारून उभे. काका स्टुलावरून म्हणाले, "अगं, इतकी ओढाताण कशाला? जाऊ दे मला त्याच्याकडे. दुकान जवळच आहे."

"तुम्ही मधे बोलू नका," काकू म्हणाल्या. "मालाने बोलायचं नसतं."

शेवटी काट्याचा भाव ठरला, भंगारवाला मागे सरला आणि ढिगारा काकूंना सुटला. साहेबांनी पावती फाडली, फाटकाचा पास दिला. माल त्याच दिवशी उचलायचा होता, नाहीतर रोजचं गोदामभाडं लागलं असतं. काका स्वतःच पिशव्या खांद्यावर टाकून निघाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पासवर खूण केली आणि काकांना सवयीने सलाम ठोकला.

महिनाभराने सायकलीचा निरोप समारंभ झाला. काकांची विल्हेवाट लागलेली, त्यामुळे ते कर्मचारी म्हणून नव्हे तर पाहुणे म्हणून मागच्या रांगेत बसले. सायकल पुसून पुढे टेबलाला टेकवली होती. साहेब बोलायला उठले. "अडतीस वर्षांत कधी उशिरा आली नाही. कधी उलट बोलली नाही. उन्हात, पावसात, कुत्री मागे लागली तरी टपाल पोचवल्याशिवाय परतली नाही." बोलता बोलता ते सायकलकडे बघायचं सोडून मागच्या रांगेकडे बघू लागले आणि भाषण अर्ध्यावर सोडून खाली बसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. भिंतीवरचं घड्याळ भेट होतं, ते हँडलला अडकवलं. काका सगळ्यांपेक्षा जास्त रडले.

पेन्शनचं खातं माझ्या खिडकीत उघडायचं होतं. खातेदाराची सही येत नसेल तर अंगठा घ्यावा, असा नियम. मी पुढच्या चाकाला शाई लावून फॉर्मवरून फिरवलं. खातेदाराला स्वतः व्यवहार करता येत नसेल तर सांभाळ करणाऱ्याने करावा, असाही नियम आहे. आता सांभाळ कोण करणार? निवृत्त कर्मचाऱ्याला कचेरीच्या शेडमध्ये महिन्याहून जास्त राहू देत नाहीत. सायकलला बाहेर काढायची नोटीस दांडीला चिकटवली, त्याच संध्याकाळी काका आले आणि तिला घरी घेऊन गेले. मी फॉर्मवर लिहिलं : सांभाळ करणारा, सदर काकूंचा माल. वरून हरकत आली नाही.

अकरा वर्षांचा फरक एकदम जमा झाला. काकूंनी आधी छप्पर शाकारून घेतलं. मशीनला मोटर बसली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काका सायकल हाताने ढकलत खिडकीशी आणायचे, कारण खातेदार हयात असल्याचं समक्ष दिसावं लागतं. मी विचारायची, "बरी आहे ना?" काका म्हणायचे, "मागच्या चाकात जरा हवा कमी आहे, बाकी बरी आहे." आणि पैसे घ्यायचे.

दोन वर्षांनी मुख्य कचेरीला चूक सापडली. पत्र आलं, की सत्तावीस नंबरची नोंद दुरुस्त करून पेन्शन पोस्टमनच्या नावे करण्यात येईल. मी धावत काकांच्या घरी गेले. काकूंनी पत्र हातात घेऊन नीट वाचलं. खाली बारीक अक्षरात अटी होत्या. पोस्टमन पगारवाढीआधीच मोडीत निघाल्याने त्यास जुनी वेतनश्रेणी लागू होईल. सायकलला दिलेला फरक वसूल करण्यात येईल. चौकशी पूर्ण होईपर्यंत पोस्टमनला मूळ मालकाकडे, म्हणजे कचेरीच्या गोदामात, जमा करावे.

"गोदामात?" काकू म्हणाल्या. "तिथे उंदीर आहेत. मी नाही देणार."

काकांनी पत्राच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "माणूस म्हणून लिहिलंय की गं इथे," ते म्हणाले. "पोस्टमन. सेवा समाधानकारक."

"हवंय का तुम्हाला ते?"

काका उठले, बाहेर जाऊन अंगणात एक फेरी मारून आले. "वाचलं," ते म्हणाले. "तेवढं पुरे." मग त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि पत्राखाली लिहिलं : आहे त्या नोंदीस आमची हरकत नाही. सांभाळ करणारा म्हणून त्यांनी सही केली, मालक म्हणून काकूंनी. साहेब तोवर निवृत्त झाले होते. नव्या साहेबांनी ते पत्र सुटकेचा निःश्वास टाकून वर पाठवलं आणि तो विषय तिथेच मिटला.

या वर्षी काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला. जिना चढवेना. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन करायला सांगितलं, आणि निवृत्तांच्या उपचाराचा खर्च कचेरी देते, पण तो फक्त पेन्शनदाराचा. मी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी बिलाच्या वर एक कागद लावला : क्रमांक २७, उजवे पेडल निकामी, बदलले. सोबत हॉस्पिटलची पावती.

बिल तीन आठवड्यांत मंजूर होऊन आलं. फक्त एका ओळीचा शेरा होता : पेडल नेहमी जोडीने बदलावे, एकच का बदलले याचा खुलासा करावा.

मी खुलासा पाठवला आहे. डाव्या गुडघ्याची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे.