शंकासर आणि अणूतली दुसरी वाट

शंकासर वर्गात आले की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे संशयानं बघत, मग आमच्याकडे. टँकरचं पाणी ते वास घेतल्याशिवाय पीत नसत. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पाऊस काही आला नव्हता. "जिल्हा झाला, असं लोक म्हणून राहिलेत. दिसून राहिलाय का कुठं?" सर गंभीरपणे विचारत.

"कशावरून?" हा त्यांचा प्रश्न पुस्तकालाही चुकला नाही. अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडाला, की बाहेरचा एक त्या जागी उतरतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन निघून जाते, एवढंच पुस्तकात होतं. "दर वेळी क्ष-किरणच? कशावरून?" म्हणत सरांनी फळ्यावर दुसरी वाट काढली. कधी ती ऊर्जा अणूतल्याच आणखी एका इलेक्ट्रॉनला मिळते आणि तोही अणू सोडून जातो.

मी शिरूर अनंतपाळहून लातूरच्या कॉलेजात शिकायला आलेली. नापास झाले असते तर दादांनी घरीच बसवलं असतं. शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं. मी दोन्ही वाटा सांगितल्या. त्यांनी आधी मला, मग शेजारी बसलेल्या सरांना न्याहाळलं.

"हे पुस्तकात नाही. प्रश्न आधीच कळलेला दिसतो."

मी रडायच्या बेतात होते. सर मात्र चिडले नाहीत. मला तर ते जरा खूशच वाटले.

"शंका घ्यायलाच पायजे. माझं ऐकूच नका. मी बाहेर थांबतो, तिला काय वाटेल ते विचारा."

ते गेले. परीक्षकांनी विचारलं, "हलक्या आणि जड अणूत फरक काय?"

"सगळ्यात आतली जागा रिकामी झाली, तर हलक्या अणूतून बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन सुटतो. जड अणूतून क्ष-किरण जास्त."

"इलेक्ट्रॉन सुटल्यावर पुढं?"

"एका जागेच्या दोन रिकाम्या जागा होतात. त्याही आतल्या असल्या तर त्या भरताना आणखी इलेक्ट्रॉन सुटतात."

परीक्षकांनी मान डोलावली. बाहेर सरांनी सगळं पुन्हा वदवून घेतलं. "बरोबर वाटून राहिलंय," एवढंच म्हणाले.

पुढं मीही शिकवू लागले. निवृत्तीनंतर सर नांदेडला मुलाकडे राहायला गेले. शेवटची भेट तिथलीच. नजर पार अधू झाली होती. उशाखालून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"पोरगा म्हणतो मुदत संपलेली न्हाई. तू वाच."

मी वाचलं. "आहे सर अजून."

त्यांनी काहीही न विचारता गोळी तोंडात टाकली.