सोडू का?

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. वायरमनच्या परवान्यासाठी मी अर्ज करत होतो. परवाना नाही मिळाला तर जन्मभर ठेकेदाराच्या हाताखाली राबायचं, हे दिसतच होतं. अर्जासोबत एक पान लिहून द्यायचं होतं: कामात घडलेली एखादी चूक आणि तिच्यातून काय शिकलात. खाली त्या वेळी हजर असलेल्या सहकाऱ्याची सही.

माझं डोकंच सणकलं. स्वतःच्या तोंडाने चुका सांगायच्या, तर परवाना कोण देणार? पण लपवायची सोय नव्हती. ठेकेदाराने अनुभवाच्या दाखल्यात अपघाताचा उल्लेख आधीच करून ठेवला होता.

त्या दिवशी कनेरगाव नाक्यावर एका धाब्यासमोर लोखंडी खांबावर दिवा बसवायचा होता. वर मामा. नात्याने नव्हे, वयाने मोठे म्हणून मामा, गोरेगावकडच्या तांड्यावरचे. खाली मी, एका हातात केबल ओढायची दोरी, शेजारी मेन स्विच. जोडणी झालीसं वाटलं म्हणून मी ओरडलो, "मामा, सोडू का?"

"व्हय, सोड!"

मी स्विच वर करून लाईन सोडली. ते दोरीबद्दल बोलत होते.

वरून ओरडण्याचा आवाजसुद्धा आला नाही. मी स्विच पाडला, तोवर ते कमरेच्या पट्ट्याला लटकले होते. खाली उतरवलं तेव्हा त्यांचा उजवा तळवा भाजून पांढरा पडला होता.

पानावर मी लिहिलं, 'वर काम करणाऱ्या सहकाऱ्याने चुकीचा इशारा दिल्याने अपघात झाला. इशारा नीट द्यावा, हे शिकलो.' काय साळसूद वाक्य होतं! ते घेऊन मी डोंगरकड्याला गेलो, मामा तिथे कामावर होते. ते सावकाश वाचू लागले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "मीच व्हय म्हणलो व्हतो."

पेन त्यांनी दोन बोटांत धरलं आणि डाव्या हाताने उजवी मूठ दाबून मिटवू लागले.

"मामा, मूठ वळत न्हाई अजून?"

"दोन वर्षं झाले. आज इचारून राहिला व्हय?" ते हसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद ओढून घेतला आणि तिथेच दुसरा लिहिला. 'प्रश्न मी विचारला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. स्विचपाशी मी होतो. चूक माझी.'

"पागल हाईस का? परवाना जाईल न तुझा!"

"जाऊ द्या," मी म्हणालो आणि पेन पुन्हा त्यांच्या हातात दिलं. मामांनी सही केली.

तोंडी परीक्षेला मामा सोबत आले. परीक्षकांनी पान दोनदा वाचलं.

"मग आता काय म्हणता कामावर?"

"दोरीला ढील, लाईनला चालू. वरच्या माणसाने तोच शब्द परत म्हटल्याशिवाय स्विचला हात लावत नाही."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "या तुम्ही," एवढंच म्हणाले.

बाहेर बाकावरून मामा ताडकन उठले. "काय झालं? सोडलं का तुला?"

"कशाबद्दल इचारता ते आधी सांगा, मामा."

परवाना पुढे टपालाने आला. तो आधी त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो धरला, दोन बोटांत.