तलवारीच्या रेघा आणि आमचे भाऊजी

मामंजींच्या जुन्या तलवारीच्या पात्यावर पाण्यातल्या लाटांसारख्या बारीक रेघा होत्या. त्यांना जौहर म्हणतात. ही तलवार सात नद्यांच्या पाण्यात विझवली, विषात बुडवली, म्हणून या रेघा उठल्या, असं आमचे भाऊजी दर खंडेनवमीला पाहुण्यांना ऐकवत. त्यांची फौजेतली सगळी नोकरी रेशन स्टोअरमध्ये गेली. माझे वडील सांगलीत फाउंड्रीत होते. पोलाद मुशीत वितळवून सावकाश थंड केलं की या रेघा धातूच्या आतच तयार होतात आणि बेताच्या आचेवर ठोकलं तरच टिकतात, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक. पण मला विचारतो कोण?

यंदा भाऊजींना तलवार चकचकीत हवी झाली. मलकापुरात जिन्याचे स्टीलचे कठडे पॉलिश करणारा एक जण आहे, त्याच्याकडे नेली. आरशासारखी होऊन आली. रेघा गायब.

"ही आपली न्हवं," मामंजी म्हणाले.

झालं. भाऊजी दोन चुलतभावांना घेऊन गेले आणि भर बाजारात त्या पॉलिशवाल्याला चोर म्हणून आले. संध्याकाळपर्यंत खरी तलवार दे, नाहीतर पोलिसात देतो, अशी धमकीही दिली. दुपारी तो आमच्या अंगणात येऊन मामंजींपुढं उभा राहिला.

"आवं आबा, मी कठडं घासनारा मानूस. दुसरी तलवार आनू कुठनं?"

आमच्या घरात ती तलवार दरवर्षी बायकांनीच लिंबानं घासलेली. त्या आंबटानंच रेघा उठून दिसत. पुरुषांनी कधी पाहिलं असेल तर शपथ. मी चार लिंबं कापली, राखेनं पात्याचं तेल काढलं आणि वीतभर जागा चोळत बसले.

"वैनी, मासं तळायचं हाय व्हय?" भाऊजी म्हणाले. चुलतभाऊ खिदळले.

अर्ध्या तासानं करड्या रेघा वर आल्या. मामंजींनी पातं डोळ्यांजवळ धरलं. "हीच."

"बस रं, च्या घे," भाऊजी लगेच म्हणाले.

"च्या नगं. बाजारात चोर म्हनला, चोर न्हाई म्हनायचं ते बी तितंच म्हना."

भाऊजी चपला शोधायला लागले, त्या पायातच होत्या. मी म्हटलं, गाडी काढा. मागं मीच बसले.

पॉलिशवाल्याच्या दुकानासमोर ते गाडीवरून उतरलेही नाहीत. "झालं गेलं इसर गड्या, चूक आमची," असं हँडलकडे बघत पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

दुसऱ्यांदा म्हणाले ते शेजारच्या पानपट्टीपर्यंत ऐकू गेलं.